कॉन्व्हेंटमध्ये नाव टाकण्याआधी काय तपासावं

विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खाजगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. तालुक्याच्या मोठ्या शाळेलाही आणि दोन खोल्यांतल्या केजीलाही. त्यामुळे पाटीवरून काहीच कळत नाही. चौकशी दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे शाळा भरलेली पाहता येईल. मे महिन्यात फक्त रंगवलेल्या भिंती दिसतात.

आधी कागद. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, मागा. तो 11 अंकी असतो आणि महाराष्ट्रात 27 पासून सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकून शाळा कितवीपासून कितवीपर्यंत आहे हे नीट वाचा. मान्यता चौथीपर्यंत आणि वर्ग सहावीपर्यंत भरत असतील, तर वरच्या वर्गातल्या मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर असू शकतात. दाखला काढायला गेल्यावर ते उघड होतं, तोवर वर्षं गेलेली असतात. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला शिक्षण हक्क कायद्यात 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण खेटे पालकालाच घालावे लागतात. शंका राहिली तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. जिथं फक्त नर्सरी-केजीच आहे, तिथं मूल पहिलीला कुठं जाणार हे आजच ठरवा.

‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजे सीबीएसईची संलग्नता नव्हे. तशी पुस्तकं कोणीही लावू शकतं. संलग्नता क्रमांक असेल तर तो मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतो. नसेल तर त्या नावाखाली जादा फी देण्याचं कारण नाही.

आता वर्ग, आणि खरा वेळ इथंच द्या. वीस मिनिटं मागं बसू द्या म्हणा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याचं प्रमाण 30 मुलांमागे 1 शिक्षक असं आहे. केजीत एका मॅडमकडे पंचवीसच्या वर पोरं असतील तर त्या फक्त गप्प बसवण्यातच थकतात. दोन-तीन मुलांच्या वह्या पाहा. सगळ्यांत तेच उत्तर, एकही चूक नाही, म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं आहे. दुसरीतल्या मुलाला न शिकवलेलं पान वाचायला सांगा आणि अर्थ मराठीत विचारा. धडाधडा वाचून अर्थ सांगता येत नसेल, तर ते पाठांतर आहे. घरी वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या लेकराला मॅडमनं आधी त्याच्या ओळखीच्या शब्दांतून समजावलं, तरच इंग्रजी आत उतरतं. मराठी बोललं म्हणून दंड किंवा शिक्षा करणाऱ्या शाळेत घालू नका. 2020 च्या कायद्यानं मराठी शिकवणं सगळ्या मंडळांच्या शाळांना सक्तीचं आहे. मागच्या वर्षीच्या किती मॅडम टिकल्या, तेही विचारा. दरवर्षी माणसं बदलत असतील तर केजी वनला झालेली कच्ची बाजू केजी टूमध्ये कोणालाच माहीत नसते.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा, आईबापाची मुलाखत आणि देणगी या तिन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नं बंदी आहे.

खोली टिनाची असेल तर एप्रिलमध्ये दुपारी बाराला आत उभं राहून पाहा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते का, प्यायचं पाणी कुठून येतं, मुलींच्या संडासाला कडी आणि पाणी आहे का, हेही बघून घ्या.

शाळेच्या गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत कळते. सोबत बाई मदतनीस आहे का आणि परवान्यापेक्षा जास्त पोरं कोंबतात का, हे थांब्यावर सकाळी उभं राहूनच समजतं. मुख्य प्रश्न पावसाळ्याचा: नाल्याला पूर आला तर गाडी कोणत्या वाटेनं येते, आणि वाट बंद असेल तर मुलं कोणाच्या ताब्यात राहतात? उत्तर ‘बघू’ असं आलं तर पुढं जाऊ नका. एका बाजूचा प्रवास पाऊण तासावर गेला तर नर्सरीतलं पोर वर्गात झोपतं.

फी वर्षाची एकत्र आणि लेखी मागा: शिकवणी, प्रवेश, गाडी, पुस्तकं, गणवेश, बूट, परीक्षा, स्नेहसंमेलन. शाळा उघडते जूनच्या शेवटी, नेमकी बी-खतावर पैसा गेलेला असतो तेव्हा. म्हणून एक हप्ता सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरात आणि एक कापसाच्या पैशावर जानेवारीत, असं आधीच लिहून घ्या. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. पात्र असाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांवर ऑनलाइन अर्ज करा. निवड झाली तर शिकवणीची फी लागत नाही.

अर्ज भरताना नाव, जन्मतारीख आणि जात जन्मदाखल्याशी व घरच्या जुन्या कागदांशी अक्षर-अक्षर जुळवा. वय बसत नाही म्हणून तारीख मागं सरकवू नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जे उतरतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, आणि पुढं जात पडताळणीत तोच कागद मागतात. भरलेल्या अर्जाचा फोटो काढून ठेवा.