जुन्या मिनी-डीव्ही व्हिडिओतल्या कंगव्यासारख्या रेषा: शेवटी काय जमलं

2002 सालचं बारसं, मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या छोट्या टेपवर घेतलेलं. आजी ताम्हन ओवाळते तेव्हा तिच्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत. हात थांबला की रेषा गायब.

आधी व्हिडिओ एडिटरमधलं 'डीइंटरलेस' (अशा रेषा काढणारी सोय) चालू केलं. रेषा गेल्या, पण चित्र मऊ झालं आणि हालचाल तुटक. मग सेकंदाला 50 फ्रेम काढून पाहिल्या, तर हात एक पाऊल पुढे, एक मागे असा थरथरू लागला. तीन रविवार यात गेले, फार वैतागले.

ती थरथरच खरी खूण होती: फील्डचा क्रम उलटा. अशा व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, वेगवेगळ्या क्षणी टिपलेली. पाल डीव्हीमध्ये (सेकंदाला 25 फ्रेमची पद्धत) खालचं फील्ड आधी येतं; माझं सॉफ्टवेअर वरचं आधी धरत होतं.

मग हे केलं. फायरवायर केबलने कॅमेऱ्यातून संगणकावर उतरवलेली मूळ 720×576 ची डीव्ही फाइलच घेतली, आधी बनवलेली एमपी4 नाही. उंची आधीच बदललेली असेल तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात, ती फाइल सोडून द्या. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये पहिला फिल्टर बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif, डीइंटरलेस करणारा): मोड 'सेंड फील्ड' (प्रत्येक फील्डची एक फ्रेम), पॅरिटी म्हणजे फील्डचा क्रम 'बीएफएफ' (खालचं आधी). त्यानंतरच कडा कापल्या, मग आकार 4:3 मध्ये मोठा केला. निकाल 50 फ्रेमचाच ठेवला, 25 वर आणला नाही.

एकेक फ्रेम पुढे सरकवून तपासलं. ताम्हन आता एकाच दिशेने फिरतं, आणि आजीच्या बांगड्या वेगवेगळ्या मोजता येतात.