शंभरचा प्लॅन आणि आकडा १८? नेटचा स्पीड मोजताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या धुळ्याच्या घरी लग्नाचे पाहुणे उतरले होते. अकरा मोबाइल, दोन टीव्ही, दारावरचा कॅमेरा. प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्टमध्ये आकडा १८. तावातावाने कंपनीला फोन लावला. आलेल्या पोराने राउटरला केबल लावून लॅपटॉपवर टेस्ट घेतली: ९४. माझा आवाजच बसला.

टेस्ट फक्त कंपनीची लाइन मोजत नाही. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता मोजते आणि त्यात आपलं घरही येतं. म्हणून आधी केबलने मोजा. तिथेच आकडा पडला तर तक्रार करा. (२००च्या प्लॅनला केबलवरही ९५च्या आसपास अडकत असेल, तर बहुतेक पोर्ट किंवा केबल शंभरचीच असते.)

आमचा दोष निघाला कुलरमध्ये! राउटर खिडकीशी, त्याला चिकटून पत्र्याचा कुलर, आत टाकीभर पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. कुलर काही हलणार नव्हता, ४४ अंशांत कोण हलवू देणार? राउटरच वर फळीवर नेला. जवळच्या मोबाइलला वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड लावा. मातीच्या जाड भिंतीपलीकडे मात्र २.४च बरा, स्पीड कमी पण पोहोचतो तरी.

पहाटे सगळे झोपलेले असताना टेस्ट घ्यायची आणि निर्धास्त व्हायचं, ही पुढची चूक. संध्याकाळी सगळं चालू असतानाही घ्या आणि तेव्हा पिंग (सर्व्हरकडे जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) बघा. आमच्याकडे डाउनलोड बरा दिसायचा, पण व्हिडिओ कॉल अडकायचा. पिंग १२ वरून ४०० मिलिसेकंदांवर. एका मोबाइलवरून हळदीचे व्हिडिओ गुपचूप गूगल फोटोजवर चढत होते. अपलोड तुंबला की बाकीच्यांची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, मागे रांगेत थांबतात. बॅकअप बंद केला, पिंग खाली आला.

टेस्ट घेताना व्हीपीएन (आपला डेटा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) बंद ठेवा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे; आठ बिटांचा एक बाइट. १०० असले तरी फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटनेच उतरणार.

आणि दोघांनी एकदम टेस्ट लावू नका, आकडा वाटला जातो. मामा आणि आतेभाऊ शेजारी बसून हेच करत होते. मामांचा ५८ आला, त्याचा ३१. मामा म्हणे, "मना मोबाइल भारी शे!"