मोटरसायकलची सर्व्हिसिंग घरी करण्याआधीची तयारी

पान्याला हात लावण्याआधी मागच्या दोन-तीन सर्व्हिसिंगची बिलं काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. बिलातल्या प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करायची आहे. मजुरी ही एक. ऑइल, ग्रीस, कूलंट असा संपणारा माल ही दुसरी. बदललेले पार्ट ही तिसरी. आणि चौथी खूण गाडीने मागितल्याच नव्हत्या अशा गोष्टींसाठी: पॉलिश, इंजिन फ्लश, पेट्रोलमध्ये टाकायचं ॲडिटिव्ह, ‘इतर साहित्य’ अशी मोघम नोंद. घरी काम केलं की पहिली आणि चौथी खूण वाचते, बाकीचा माल तुम्हालाही विकतच आणायचा आहे. म्हणून ज्या बिलात चेन-स्प्रॉकेट किट (चेन आणि तिची दातेरी चाकं) किंवा टायर आहे ते बिल बघून ‘घरी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं’ असा हिशोब करू नका. साध्या, फक्त ऑइल-फिल्टरच्या बिलावर करा. त्याच बिलात ऑइल किती लावलंय तेही बघा. इंजिनात ८५० मिलिलिटर बसत असेल आणि बिल पूर्ण लिटरचं असेल, तर उरलेलं ऑइल तुमचं होतं.

आता हत्यारांचा एकूण खर्च एका सर्व्हिसिंगच्या मजुरीने भागा. उत्तर चार आलं आणि ऑइल दर ३,००० किलोमीटरला बदलायचं असेल, तर १२,००० किलोमीटरनंतर हत्यारांचे पैसे वसूल होतात. महिन्याला ५०० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षं लागतील. पैशांसाठी उतरणार असाल तर हा आकडा मान्य आहे का ते आधीच ठरवा. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचं पुस्तक शब्दन् शब्द वाचा. ठरावीक किलोमीटरची सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच व्हावी अशी अट असेल, तर तेवढ्या सर्व्हिसिंग तिकडेच करून घ्या आणि मधल्या काळातलं चेन, हवा, केबलचं काम घरी करा. इंजिनाचा एक मोठा दुरुस्ती खर्च अंगावर आला तर कित्येक वर्षांची वाचलेली मजुरी त्यात जाते.

पुढचं काम म्हणजे एक जाड कार्ड घ्या आणि मालकाच्या पुस्तिकेतून आकडे त्यावर उतरवा: ऑइलचा ग्रेड आणि मात्रा, ड्रेन बोल्ट (इंजिनाखालचा, ऑइल काढायचा) आणि मागच्या एक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) नटचा टॉर्क (किती जोराने आवळायचं ते), चेनची ढील, प्लगचा नंबर आणि गॅप, टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) अंतर, दोन्ही टायरची थंड असतानाची हवा, ब्रेक ऑइलचा प्रकार. ऑइलच्या मात्रेपुढे बहुतेक वेळा दोन किंवा तीन आकडे असतात: नुसतं ऑइल काढून बदलताना, फिल्टरसकट बदलताना, आणि इंजिन पूर्ण उघडून जोडल्यावर. पहिल्यांदा काम करणारा बरेचदा तिसरा, सगळ्यांत मोठा आकडा उचलतो आणि इंजिनात जास्तीचं ऑइल जातं. मग ते फेसाळतं, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात येतं, सीलवर दाब टाकतं. टॉर्कचा आकडा काही पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. त्याला साधारण १० ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. हे कार्डावरच लिहून ठेवा, कारण काम करताना हात तेलकट असतात आणि डोकं घाईत असतं.

ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. जासो एमबी हे घर्षण कमी ठेवणारं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे, तेही इथे चालत नाही. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५० (ऑइलच्या घट्टपणाचे आकडे) हे पुस्तिका ठरवेल. घट्ट ऑइल म्हणजे चांगलं ऑइल ही समजूत सोडा.

हत्यारांत काटकसर करायची तर पान्यांच्या संख्येत करा, दर्जात नको. ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे बॉक्स आणि रिंग पाने, मागच्या एक्सलच्या नटच्या मापाचा एक मोठा पाना, तुमच्या गाडीच्या प्लगचा पाना आणि ॲलन कीचा संच एवढ्यात नेहमीचं काम भागतं. उघड्या तोंडाचे पाने बोल्टच्या कडा खातात, घट्ट बसलेल्या बोल्टला ते लावू नका. टॉर्क रेंच मात्र हवाच, तोही इंजिनाच्या बोल्टसाठी लहान आणि एक्सलसाठी मोठा. एकच परवडत असेल तर ५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपासचा लहान घ्या, कारण नुकसान ॲल्युमिनियमच्या आट्यांचं होतं. टॉर्क रेंच बोल्ट सोडवायला वापरायचा नाही आणि ठेवताना सगळ्यांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवायला गेलं की टोक वर उचललं जातं आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. त्यांना जेआयएस (जपानी मानक) मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. याशिवाय खुणा असलेलं मोजपात्र, फनेल, इंजिनातल्या ऑइलच्या दुप्पट मावेल असा पसरट ट्रे, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायला), हातमोजे आणि धागे न सुटणारी फडकी जमवा. गाडीला डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) घ्या. विटांच्या थप्पीवर टेकवलेल्या गाडीखाली हात घालू नका.

मालाच्या यादीत लहान वस्तूच विसरल्या जातात आणि त्यांच्यापायी काम अर्धवट राहतं: ड्रेन बोल्टचा नवा वायसर, फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, एक्सलची स्प्लिट पिन. पार्ट मागताना गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका, पार्ट नंबर जुळवा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत फिल्टर बदललेला असू शकतो.

सपाट जमीन, दिवसाचा उजेड आणि मोकळे तीन तास हवेत. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी लागणार नाही असा दिवस निवडा. बोल्ट अडकला तर वाट बघता आली पाहिजे. घाईत तोच बोल्ट तुटतो. टॅपेट बघायचे असतील तर ते काम सगळ्यांत आधी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करा. गरम इंजिनावर घेतलेलं माप खोटं असतं. तुमच्या इंजिनात लॉक नट आणि स्क्रूचे टॅपेट असतील तर फिलर गेजने घरी जमतं. तिथे शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतील तर नुसतं मोजा आणि बदलायचं काम मेकॅनिकला द्या. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, म्हणून ‘आवाज नाही म्हणजे ठीक आहे’ असं धरू नका.

ऑइलसाठी इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, ट्रे खाली सरकवा आणि ऑइल भरायचं झाकण आधी उघडा. ते उघडत नसेल तर ऑइल काढून उपयोग काय? ड्रेन बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा यात बरेच जण फसतात. घड्याळाच्या उलट दिशा ही बोल्टच्या डोक्याकडे समोरून, म्हणजे खालून बघताना धरायची आहे. गाडीवरून वाकून बघितलं तर तीच दिशा उलटी दिसते, आणि सोडवण्याच्या नादात बोल्ट आणखी आवळला जातो. स्टीलच्या बोल्टपुढे ॲल्युमिनियमचे आटे टिकत नाहीत. बोल्ट बाहेर येताना त्याच्यावर चांदीसारखी चकाकणारी वेटोळी दिसली तर ते आटे आहेत असं समजा. नवा बोल्ट घालून ते भागत नाही, तिथे हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवावं लागतं. बोल्ट निघाला की इंजिनाच्या तोंडाला बोट फिरवून बघा. जुना वायसर तिथेच चिकटलेला असतो, आणि त्याच्यावर नवा बसवला की थेंब-थेंब गळती सुरू होते. काही इंजिनांत मोठ्या झाकणामागे जाळी आणि स्प्रिंग असते. ती खाली पडण्याआधी कोणत्या क्रमाने आहे याचा फोटो घ्या. कागदी फिल्टरचं भोक कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा. तो उलटा बसला तर ऑइलचा रस्ता बंद होतो आणि इंजिन जाम होऊ शकतं.

बसवताना बोल्टचे पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. अडखळला तर काढून पुन्हा. मग कार्डावरच्या टॉर्कला आवळा. बऱ्याच गाड्यांत हा आकडा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो आणि हाताला तो वाटतो त्यापेक्षा हलका असतो. ऑइल मात्रेपेक्षा ५० मिलिलिटर कमी भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढंच थांबा, गाडी सरळ उभी धरून पातळी बघा आणि मग राहिलेलं भरा. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलतं. याचीही नोंद कार्डावर असू द्या.

चेनचं काम घरी करण्यात सगळ्यांत जास्त फायदा आहे. हत्यार फारसं लागत नाही, आणि दर ५०० ते ७०० किलोमीटरला ते व्हायला हवं, तेवढ्या वेळा कोणी गॅरेजमध्ये जात नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. चालू इंजिनावर, गिअर टाकून चेन पुसताना फडकं ओढलं जातं आणि बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. हा नियम कोणासाठीही मोडू नका. मऊ ब्रश आणि रॉकेल किंवा चेन क्लीनर घ्या. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंग खराब करतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. पुसून कोरडी झाल्यावर चेन ल्यूब किंवा पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने सोडा. ढील मोजायची ती खालच्या पट्ट्याच्या मधोमध, पट्टी लावून, वर-खाली मिळून. लहान गाड्यांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं-थोडं फिरवत सर्वांत ताणलेली जागा शोधा आणि माप तिथे लावा. चेन सारखी झिजत नाही. ढिल्या जागेवर माप लावलं तर ताणलेल्या जागी ती तारेसारखी कडक होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. चेन सैल असेल तर खडखडते तरी, घट्ट असेल तर गप्प बसून नुकसान करते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून एक्सलचा नट आवळला की पुन्हा मोजा, आवळताना माप थोडं हलतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यामुळे पेडलचा प्लेही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) बदलतो, तोही लगेच जुळवा. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या दातावरून चेन ओढून बघा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटसकट पूर्ण किट घ्या.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. कागद तेलकट असेल तर तो हवा मारून साफ होत नाही, बदलावा लागतो. प्लग थंड इंजिनावर काढा, काढण्याआधी भोवतीची माती फुंकून टाका, बसवताना हातानेच सुरुवात करा. बॅटरी बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. तारा काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी.

ब्रेकबाबत घाईने निर्णय घेऊ नका. पॅडची जाडी बघणं, ड्रमचा प्ले जुळवणं हे घरचं काम आहे. रिझर्व्हॉयरमधलं (ब्रेक ऑइलच्या डबीतलं) ऑइल कमी दिसलं की वर भरायची सवय मात्र चुकीची. पॅड झिजतात तशी पातळी आपोआप उतरते. तुम्ही भरलंत आणि नंतर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकललात, की ब्रेक ऑइल वर येऊन टाकीवर सांडतं आणि रंग उतरवतं. डॉट ३ आणि ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार हवेतला ओलावा शोषतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, त्यांच्यात मिसळायचं नाही. एबीएस असलेल्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढणं, फोर्कचे सील, चाकाची बेअरिंग, इंजेक्शनमधला बिघाड ही कामं यादीतून आधीच खोडा. त्यांच्या हत्यारांचा खर्च वाचलेल्या मजुरीतून कधीच वसूल होत नाही.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पुढचा ब्रेक लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबा. पॅड बदलल्यावर पहिल्या दाबात ब्रेक लागतच नाही. खाली कोरडा पुठ्ठा सरकवून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि पुठ्ठ्यावर डाग पडतो का बघा. उरलेले वायसर आणि बोल्ट मोजा, एकही जास्त असता कामा नये. जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका. पहिल्या ५० किलोमीटरनंतर ड्रेन बोल्ट, एक्सलचा नट आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा. मग वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, भरलेले मिलिलिटर आणि चेनची ढील लिहा, आणि पार्टची बिलं त्याच पानाला टाचून ठेवा.