गाडी कुणाच्या हातची? पार्किंगमध्ये उभं राहून ओळखायची रीत

डिझायनरचा हात ओळखायचा असेल तर हेडलाइट आणि ग्रिलकडे सगळ्यात शेवटी बघा. फेसलिफ्टच्या, म्हणजे जुन्या मॉडेलला नवं रूप देण्याच्या वेळी कंपनी बदलते ते नेमकं हेच: बंपर, ग्रिल, दिवे. दारं, छत आणि पिलरचा (छत पेलणाऱ्या खांबांचा) पत्रा दाबणारे साचे फार महाग पडतात, त्यामुळे त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. २००९ ची फियाट पुंटो आणि २०१४ ची पुंटो इव्हो शेजारी उभ्या करा. तोंड वेगळं, शेपूट वेगळं. पण बाजूने बघितलं तर दोन्ही एकच. तीच बाजू इटालियन डिझायनर जॉर्जेतो जुजारो आणि फियाटच्या स्टुडिओने मिळून काढलेली.

म्हणून सुरुवात बाजूच्या फोटोपासून. वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात नऊनंतर ऊन डोक्यावर आलं की पत्र्यावरची प्रत्येक घडी सपाट दिसते, पांढऱ्या गाडीवर तर काहीच दिसत नाही. गाडीपासून आठ-दहा मीटर लांब, मधल्या पिलरच्या बरोबर समोर उभं राहा. फोन कमरेच्या उंचीवर, झूम दोन किंवा तीन पट. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत दारं फुगतात, पुढचं-मागचं टोक आकसतं आणि पुढची सगळी मापं चुकतात. मालकाला विचारा, नंबर प्लेट झाका.

आता फोटोवर कागदाची पट्टी ठेवून चाकाचा व्यास खूण करा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत किती चाकं बसतात ते मोजा. खात्री करायची तर टायरवरचे आकडे वाचा. नेक्सॉनचा टायर २१५/६० आर १६. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये; तिचे ६० टक्के म्हणजे टायरच्या बाजूची उंची १२९, वर-खाली मिळून दुप्पट २५८. त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवले की चाक झालं ६६४ मिलिमीटर. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर, २४९८. म्हणजे पावणेचार चाकं. याच हिशोबाने १७५/६५ आर १४ टायरची टियागो ४.१, आणि २५५/६५ आर १८ वरची २०२० ची थार जेमतेम ३.१. थार उभ्या उभ्या दांडगी दिसते त्याचं निम्मं कारण या आकड्यात आहे. ती महिंद्राच्या तेव्हाच्या डिझाइन प्रमुख रामकृपा अनंतन यांच्या हाताखाली घडली. नेक्सॉन आणि टियागो प्रताप बोस टाटांच्या डिझाइनचे प्रमुख असतानाच्या.

इथे एक घोळ हमखास होतो. मालकाने मोठे अलॉय आणि रुंद टायर चढवले असतील तर गुणोत्तर डिझायनरचं राहत नाही, टायरवाल्याचं होतं. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पिलरवर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, त्यावर कंपनीचं मूळ माप मिळतं. तेच धरा.

दुसरी खूण काचेची. खिडक्यांच्या खालच्या कडेची रेषा कुठे वर चढते आणि मागच्या पिलरपाशी कशी वळते ते बघा. बीएमडब्ल्यूच्या मागच्या खिडकीचा तळाचा कोपरा पुढच्या बाजूला मोडतो. १९६१ च्या १५०० मॉडेलपासून चालत आलेली ही खूण कंपनीचे डिझायनर विल्हेल्म हॉफमाइस्टर यांच्या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या नेक्सॉनमध्ये खिडक्यांखालून जाणारा फिकट पट्टा असतो, तो लांबूनही चुकत नाही. जुजारोंच्या ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत मात्र नक्षी नाहीच: मोठ्या काचा, सरळ रेषा, उंच छत. फियाट उनो अजून कुठे गॅरेजमागे पडलेली दिसली तर थांबा. १९८३ ची ही गाडी बाहेरून आखूड, आत मोकळी. उंच छोटी गाडी म्हणजे काय ते तिने शिकवलं. नंतरची देवू मॅटिझही त्यांचीच. फियाटसाठी रेखाटलेला नमुना फियाटने नाकारला आणि देवूने उचलला. इंडिकावर लोक पुष्कळदा जुजारोंचं नाव सांगतात, ते चूक. इंडिकाच्या डिझाइनचं काम तुरिनच्याच, पण आयडिया इन्स्टिट्यूटकडे होतं.

आता पत्रा. याला सोलापूरकरांकडे घरचं साधन आहे: पट्ट्यापट्ट्यांची चादर. कार कारखान्यांत पृष्ठभाग तपासायला पट्ट्यांच्या उजेडाचं प्रतिबिंब बघतात, त्याचीच ही स्वस्त आवृत्ती. गाडी धुऊन पुसून घ्या, धुळीवर काही उमटत नाही. गडद रंगाची गाडी उत्तम. दोघांनी चादर ताणून दारापासून दीड मीटरवर उभी धरायची, तिसऱ्याने तिरक्या कोनातून पत्र्यात बघायचं. पट्टे एकदम मोडले तर तिथे धारदार घडी आहे. हळूच वाकले तर गोलाई. आत जाऊन पुन्हा बाहेर आले तर पत्रा खोलगट करून पुन्हा उंचावला आहे. ही शेवटची तऱ्हा डिझाइन प्रमुख क्रिस बँगल यांच्या काळातल्या बीएमडब्ल्यूने, विशेषतः २००२ च्या झेड ४ ने गाजवली. तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. आज होटगी रोडवरच्या कुठल्याही शोरूममधल्या दारावर तिचे नातलग सापडतात. पट्टे लाटांसारखे डुचमळत असतील तर मात्र डिझायनरला दोष देऊ नका, तिथे पुट्टी भरली आहे. जुनी गाडी घेतानाही ही युक्ती कामाला येते.

जुनी प्रीमियर पद्मिनी सापडली तर मागच्या मडगार्डवर हात फिरवा. वरच्या कडेला बारीक पंख आहेत. ही लाट अमेरिकेतून आली: हार्ली अर्ल जनरल मोटर्सच्या डिझाइनचे प्रमुख असताना १९४८ च्या कॅडिलॅकवर पंख आले, मूळ प्रेरणा पी-३८ या लढाऊ विमानाची. फियाटने ते आवरून ११०० या मॉडेलवर घेतले आणि कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीने ते शेवटपर्यंत बाळगले.

ग्रिल शेवटी, कारण तिथे एकच नाव खरं ओळखू येतं. किआच्या ग्रिलची वरची आणि खालची कड मध्यभागी आत दबलेली असते, वाघाच्या नाकासारखी. डिझायनर पेटर श्रायर २००६ मध्ये किआत आले, २००७ च्या ‘की’ नावाच्या संकल्पना गाडीवर हे नाक पहिल्यांदा दिसलं. सेल्टॉसवर ते ताणलेलं आहे, पण आहे.

सरावाला गुरुवारी अक्कलकोटचं पार्किंग किंवा जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाभोवतीचे रस्ते गाठा; तुळजापूर-पंढरपूर करून आलेल्या वीस वर्षांतल्या गाड्या एका रांगेत मिळतात. पहिल्या फेरीला फक्त बाजूचे फोटो घ्या, घरी चाकं मोजा, नाव लिहा आणि मगच मोबाइलवर पडताळा. इनोव्हा आणि ताव्हेरावर वेळ घालवू नका, तिथे डिझायनरपेक्षा सीटांची संख्या बोलते.