यिर्मया वाचताना या चुका टाळा

काळ अस्थिर झाला की बायबल अभ्यासगटांत यिर्मयाचं पुस्तक निघतंच, आणि ते योग्यही आहे. इ.स.पू. 627 च्या सुमारास अनाथोथ गावचा हा तरुण संदेष्टा म्हणून बोलू लागला आणि 586 च्या सुमारास यरुशलेम (जेरुसलेम) जळालं तेव्हाही तो तिथेच होता. तरीही अनेक गट हे पुस्तक अर्ध्यात सोडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 29व्या अध्यायातलं 11वं वचन एकटं उचलणं. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यहोयाखीन याच्यासोबत कारागीर, सरदार असे हजारो लोक बाबेलला नेले. पत्र त्यांना लिहिलेलं आहे. लगेच आधीच्या वचनात मुदत आहे सत्तर वर्षांची! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत परतणं नव्हतं. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं यिर्मया सांगतो. शत्रूच्या शहरासाठी! म्हणून 27 ते 29 हे अध्याय एकाच बैठकीत वाचा. मधल्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या ताबेदारीची खूण असलेलं लाकडी जू मोडतो आणि दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणतो. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलत होता. आपण त्या गर्दीत असतो तर कोणावर विश्वास ठेवला असता, यावर गटात खुशाल तासभर बोला.

घटनाक्रम लागत नसेल तर दोष तुमचा नाही. 21व्या अध्यायात यहूदाचा राजा सिद्कीया आहे, 25व्यात आपण मागे, आधीचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षात जातो आणि 36व्यात पुन्हा तिथेच येतो. जुन्या ग्रीक भाषांतरात तर मांडणीच वेगळी आहे आणि मजकूर सुमारे एक अष्टमांश कमी. क्रम ओढूनताणून जुळवू नका. समासात राजाचं नाव लिहीत चला.

बाबेल म्हणजे आजचा अमुक देश, हा खेळ टाळा. 7व्या अध्यायात यिर्मया स्वतःच्या मंदिराच्या दारात उभा राहून परके, अनाथ आणि विधवा यांच्याबद्दल जाब विचारतो. तो जाब आधी आपल्या मंडळीला लावून पाहा.

20व्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, तेही स्तुतीच्या पाठोपाठ. ते गाळू नका, गोडही करू नका.

आणि त्याला निव्वळ निराशेचा संदेष्टा समजत असाल तर 32वा अध्याय उघडा. शहराला वेढा पडलाय, तो स्वतः कैदेत आहे आणि 17 शेकेल (त्या काळचं वजन) चांदी मोजून अनाथोथचं शेत विकत घेतो. खरेदीखतं आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात ठेवून घेतो. बरेच जण इथेच थांबतात. पुढची 16 ते 25 वचनंही वाचा: व्यवहार पुरा झाल्यावर तो देवापुढे बोलतो की शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जातंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस.