छर्रा उडवणारं रिव्हॉल्वर आणि बशीची परीक्षा

दोन-चार महिन्यांनी एखादा तरी पोरगा मोबाईल माझ्या नाकासमोर धरतो. "तात्या, ह्ये बघा. रिव्हॉल्वर हाय, पण आत बंदुकीचं काडतूस घालत्यात!" मी सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली आणि त्यानंतर एकवीस वर्षं सांगलीत एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा राहिलो. त्यामुळं आमच्या शिराळा तालुक्यात ज्याला बंदुकीचं खूळ लागतं, तो आधी माझ्या ओसरीवर चहा पितो आणि मग परवान्यासाठी सांगलीच्या विजयनगरला कलेक्टर कचेरीत जातो.

यंदा सख्खा पुतण्याच आला. त्याचं कोंबड्यांचं शेड आहे, मागं ऊस, उसात बिबट्या आणि रानडुकरं. त्यानं एका रात्रीत वीस व्हिडिओ बघितले होते आणि त्याचं डोकं पार फिरलं होतं. एक जण म्हणतो यासारखं हत्यार नाही, दुसरा म्हणतो नुसता देखावा. "खरं कोण बोलतंय ते सांगा," म्हणाला. दोघंही खरं बोलतायत. अशी मतं कशी चाळायची आणि आपल्या कामाचं त्यातलं काय, हे त्याला जसं सांगितलं तसंच लिहितोय.

आधी वस्तू समजून घ्या. यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे ब्राझीलच्या टॉरस कंपनीचं 'जज'. पाच घरांचं चक्र, आणि एकाच घरात दोन प्रकारचा दारूगोळा बसतो: .४५ कोल्टची गोळी किंवा .४१० चं छर्‍याचं काडतूस. मायामीकडचे काही न्यायाधीश कोर्टात जाता-येता जवळ बाळगायला हे घेतात असं कळलं म्हणून 'जज' नाव ठेवलं, अशी कथा कंपनीच सांगते. त्याला उत्तर म्हणून स्मिथ अँड वेसननं २०११ मध्ये 'गव्हर्नर' काढलं. त्यात सहा घरं, आणि चकतीत अडकवून पिस्तुलाच्या, .४५ एसीपीच्या गोळ्याही चालतात. नळी जेमतेम पावणेतीन-तीन इंच, वजन आठशे ग्रॅमच्या आसपास. कल्पना मात्र जुनीच. १८५६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लमाट नावाच्या माणसानं नऊ गोळ्यांचं रिव्हॉल्वर आणि मधोमध छर्‍याची एक जाड नळी, अशा हत्याराचं पेटंट घेतलं होतं.

.४१० म्हणजे किती, हे बहुतेकांना कळत नाही, कारण बारा बोअरचा हिशेब उलटा चालतो. नळीत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घ्यायचा. असे बारा गोळे मिळून एक पौंड भरले तर ती बारा बोअर. म्हणजे आकडा लहान तेवढी नळी मोठी. .४१० मात्र सरळ इंचात मोजलेली, साधारण साडेदहा मिलिमीटर. बारा बोअरची साडेअठरा. .४१० च्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम छर्रा मावतो. बारा बोअरच्या साध्या काडतुसात त्याच्या दुप्पट किंवा थोडा जास्तच. (आमच्याकडची जुनी माणसं .४१० म्हटलं की पोलिसांची मस्केट आठवतात. थ्री नॉट थ्री रायफलीची नळी बदलून बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात केलेली ती. तिचं काडतूसही थ्री नॉट थ्रीच्याच पुंगळीचं. ते वेगळं, हे वेगळं. दोन्हींची सरमिसळ करू नका.)

आता भांडणाचं मूळ. छर्‍याला गुळगुळीत नळी लागते. गोळीला नळीत आटे, म्हणजे आतून पाडलेल्या वळसेदार खाचा लागतात, त्यानं ती फिरकी घेत सरळ जाते. या रिव्हॉल्वरमधून दोन्ही उडवायचं म्हणून नळीला आटे आहेत. पण तेवढंच कारण नाही. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानं गुळगुळीत नळीचं छर्‍याचं पिस्तूल वेगळ्या वर्गात टाकलं, त्याला खास नोंदणी लागते. आटे पाडले की ते साधं रिव्हॉल्वर ठरतं. म्हणजे कायद्यातून सुटण्यासाठी जे आटे पाडले, तेच छर्‍याचा घात करतात. छर्रे नळीतून निघतानाच गरगर फिरतात आणि बाहेर पडल्या पडल्या चारी बाजूंना फाकतात. गोफण सुटल्यासारखं. कागदावर बघाल तर कडेनं भोकं आणि मधे मोकळं, मेदूवड्यासारखं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे एक मित्र आहेत, नेव्हीतून रिटायर झालेले, मुलाकडं टेक्सासला सहा-सहा महिने राहून येतात. आम्ही त्यांना टेक्सासवाले नाना म्हणतो. नानांनी तिथल्या रेंजवर मुलाच्या शेजार्‍याचं 'जज' उडवलं आणि ते कागद घडी घालून बॅगेतून आणले, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गुंडाळून. पहिला कागद तीन यार्डांवरचा: सगळे छर्रे माझ्या पसरलेल्या पंजाखाली झाकले जातात. दुसरा सात यार्डांवरचा, काडतूस तेच. निम्मे छर्रे कागदाबाहेर, आणि बरोब्बर मधे, जिथं नेम धरला होता तिथं, वाटी ठेवली तरी एक भोक झाकलं जात नाही. नाना मात्र पहिलाच कागद सगळ्यांना दाखवतात.

म्हणून माझी पहिली सूचना. या हत्याराबद्दल कुणीही मत दिलं की तीन गोष्टी विचारा: किती पावलांवर, कुठलं काडतूस, आणि मारलं कशावर. ही तीन उत्तरं नसतील तर ते मत नाही, गप्पा आहेत. पुतण्याच्या वीस व्हिडिओंपैकी चौदा यातच गळाले. कलिंगड फोडणारे तर आधी गाळा. कलिंगड म्हणजे पाण्याची पिशवी, ते माडीवरून टाकलं तरी तसंच फुटतं.

उरलेल्या सहांत भांडण राहिलं नाही. स्तुती करणारे सगळे चार-पाच पावलांवरून बोलत होते, नावं ठेवणारे दहा-पंधरांवरून. काडतुसाचा फरकही तसाच. बारीक छर्‍याचं काडतूस पटकन फाकतं आणि आत फारसं शिरत नाही. मोठ्या गोळ्यांचं, ज्यात तीन-चार टपोरे गोळे असतात, ते त्यामानानं एकत्र जातं. गोळीच्या बाबतीत तक्रार वेगळी: लांब काडतूस बसावं म्हणून चक्र लांब, त्यात .४५ ची आखूड गोळी बसवली की नळीत शिरण्याआधी तिला बरीच मोकळी उडी मारावी लागते. म्हणून नेम थोडा ढिला पडतो असं जाणते म्हणतात. एका हत्यारात दोन सोयी, दोन्ही अर्ध्या.

टेक्सासात हे रिव्हॉल्वर बरेच जण सापासाठी बाळगतात. कुंपणाची दुरुस्ती करताना पायाशी रॅटलस्नेक निघाला तर तीन यार्डांवर छर्रा हमखास लागतो, आणि तिथं नानांचा पहिला कागद खरा ठरतो. पण मी बत्तीस शिराळ्याच्या पंचक्रोशीतला. आम्ही नागपंचमीला नाग पुजतो, कोर्टाच्या आदेशानंतर मातीचा पुजतो, पण पुजतो. सापावर बार टाकायची भाषा केली तर आमची म्हातारी पुतण्याला उंबर्‍याच्या आत घेणार नाही. वन्यजीव कायदा आहे तो वेगळाच. धामण तर शेडमधले उंदीर खाते, तिच्यावर कुणी बार टाकतं का?

दुसरी सूचना: स्वतःची पावलं मोजा. ड्रिलचं पाऊल तीस इंचांचं, ते माझ्या पायात कायमचं बसलंय. तुमचं नसेल तर टेप घ्या. पुतण्याला म्हणालो, रात्री खाटेवरून उठलास की नक्की कुठं बघतोस? मग आम्ही मोजलं. खाट ते शेडचं दार, चार पावलं. दार ते उसाची कड, सव्वीस. उसाच्या आत शून्य, कारण दोन सर्‍यांपलीकडं काही दिसतच नाही. आता सांगा, तीन इंची नळी यात कुठं बसते? चार पावलांवर ती चालेल, पण दारात येऊन उभा राहिलेला प्राणी बहुधा पुतण्याच्याच कुत्र्यामागं आलेला असणार, म्हणजे कुत्र्यालाच छर्रा. सव्वीस पावलांवर मेदूवडा. आणि उसात बार टाकायचाच नाही. तोडीच्या दिवसांत पलीकडच्या बांधाला ऊसतोडवाल्यांच्या खोप्या असतात, आत लेकरं झोपलेली असतात. बारीक सहा नंबरचा छर्रासुद्धा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, एलजीचा, म्हणजे जाड छर्‍याचा गोळा सहाशेच्या पुढं.

तिसरं, कायदा, आणि यात आपल्याकडं गंमत आहे. अमेरिकेत आटे पाडले की सुटका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात नेमकं उलटं. कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांना सवलतीची वाट आहे. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही असं अधिकार्‍याला पटलं तर पिकासाठीही तशी वीस इंची बंदूक देता येते. आखूड, आट्यांची नळी या वाटेनं जात नाही. तिला जिवाला धोका असल्याचं वेगळं कारण दाखवावं लागतं, आणि परदेशी हत्यार साध्या माणसाला आयात करता येत नाही. म्हणून 'जज'च्या नावानं अर्ज लिहायला बसू नका. कुणी म्हणालं की आपल्या दुनळीची नळी कापून आखूड करून देतो, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. नळी कापणं हा कलम ६ खाली गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांपासून परवान्याआधी हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. त्याचा कंटाळा करू नका, बंदुकीआधी तेच शिका. परवाना मिळाला म्हणजे रानडुकराला मारायची मोकळीक मिळाली असंही नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. बिबट्या आणि गवा यांच्याकडं तर नळी वळवायचीच नाही.

आता ज्याच्याकडं परवान्याची बारा बोअर आहे, त्यानं व्हिडिओ बंद करून ही परीक्षा घ्यावी. मी बँकेत पहिली सहा वर्षं गेल्यावर दरवर्षी फायरिंगच्या दिवशी घ्यायचो. शेतात नाही, परवानगीच्या रेंजवरच, मागं मातीचा उंच बंधारा असेल तिथं.

पोरांच्या वह्यांना घालतात तो खाकी कागद घ्या. दोन पट्टे कणकेच्या खळीनं जोडून चार फुटी चौकोन करा आणि बांबूच्या चौकटीवर ताणून लावा. डिंक लावू नका, वाळला की कागद आक्रसतो आणि फाटतो. मधे कोळशानं ठिपका काढा. अठ्ठेचाळीस पावलांवर उभे राहा. तीस इंची पाऊल असेल तर ते बरोबर चाळीस यार्ड होतात, आणि बारा बोअरची परीक्षा जगभर याच अंतरावर घेतात. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालूनही बघा. मग एकच काडतूस, एकाच नळीत. दुनळीला दोन चाप असतात तेव्हा बहुधा पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. डावीचं तोंड बहुधा जास्त आवळलेलं असतं, त्यालाच चोक म्हणतात. ठिपक्यावर नेम, एक बार. बंदूक मोडून रिकामी करा, मगच कागदाकडं चाला. कोपर्‍यात नळी, काडतूस आणि तारीख लिहा. दुसर्‍या नळीला नवा कागद. एकाच कागदावर दोन बार टाकलेत तर नंतर काही उमगत नाही.

घरी आल्यावर खरं काम. जिथं भोकं सगळ्यात दाट आहेत तिथं खिळा ठेवा, पंधरा इंच सुतळी बांधा आणि वर्तुळ काढा. ते तीस इंची होतं. आतली भोकं मोजा, मोजलेल्यावर पेन्सिलीची टिचकी मारत जा. काडतुसातल्या एकूण छर्‍यांपैकी सत्तर टक्के आत आले तर पूर्ण चोक, साठच्या आसपास आले तर मध्यम, चाळीस आले तर सरळ नळी. माझी डावी नळी खडकीच्या शक्तिमान काडतुसाला छान धरायची, उजवी मात्र ठिपक्याच्या टीचभर वर आणि डावीकडं मारायची. हे मला बँकेच्या दारात सहा वर्षं उभं राहिल्यावर कळलं. सहा वर्षं मी चुकीचा नेम धरून उभा होतो, आणि कुणी दरोडा घातला नाही हे माझं नशीब.

मग चहाची बशी घ्या. उपडी करून वर्तुळात सगळीकडं फिरवा. एकही भोक न झाकता बशी जिथं बसते, तिथं पेन्सिलीनं वळसा काढा. ते भगदाड. एखाद-दुसरं चालतं. तीन-चार निघाली, तर त्या काडतुसाचं आणि त्या नळीचं जमत नाही. दुसर्‍या नंबरचा छर्रा वापरून बघा. त्याच संध्याकाळी नळी पुसून तेलाचा बोळा फिरवा. पावसाळ्यात शिराळ्याची हवा रात्रीत गंज धरते.

पुतण्यानं हे सगळं ऐकलं, पावलांचा कागद खिशात घातला, आणि आधी शेडला जाळी आणि उसाच्या कडेला मोठा दिवा लावून घेतला. अर्जाचं दिवाळीनंतर बघू म्हणाला. नाना मात्र मानायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, शेजार्‍याचं काडतूस जुनं होतं, टपोर्‍या गोळ्यांचं असतं तर सात यार्डांवरचा कागदही भरला असता. तसं असेलही. पुढच्या महिन्यात ते पुन्हा चाललेत. त्यांच्या बॅगेत खाकी कागदाची गुंडाळी, पंधरा इंच सुतळी आणि आमच्या घरातली एक टवका उडालेली बशी मी आत्ताच ठेवून आलोय.