परदेशात धान्य भरून ठेवताना

नवी कुटुंबं इथे आली की पहिल्या वर्षीच पोती भरू लागतात, आणि त्यात काही चूक नाही. नोकरी गेली, रस्ते बंद झाले, माल यायचा थांबला, तरी घरात दाणे असले की डोकं शांत राहतं. पण बहुतेक जण आधी महागडे डबे आणतात आणि ओलाव्याचा विचार शेवटी करतात. आधी ओलावा बघा, डब्यांचं नंतर.

वर्षानुवर्षं टिकवायच्या धान्यात ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते. ओळखीच्या एका कुटुंबाने पावसाळी हवेत आणलेला गहू तसाच हवाबंद केला होता. उघडला तेव्हा कुबट वास आणि दाण्यांची ढेकळं. सगळा फेकून द्यावा लागला. असा गहू धुऊन, वाळवून खाऊ नका. बुरशीची विषं धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. घरच्या घरी बघायचं तर कोरड्या बरणीत दाणे आणि थोडं कोरडं मीठ घालून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे. मात्र चिकटलं नाही म्हणून धान्य भरण्याजोगं झालं असं नव्हे. त्यासाठी ओलावामापकच लागतो. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

थंड देशात असाल तर धान्य हिवाळ्यात भरा. हीटर चालू असतो तेव्हा घरातली हवा कोरडीठाक असते. चादरीवर पातळ थर पसरा, रोज हात फिरवा. काही दिवसांत दाणा ओलावा सोडतो. आपले लोक कडक उन्हाची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात किडे होतात.

सोंडकिड्याची मादी अंडी दाण्याच्या आत घालते, त्यामुळे चाळून, निवडून काही साधत नाही. पिशव्या बंद करून उणे १८ अंशांवर ४ दिवस गोठवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर पाणी जमतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गावाकडे धान्यात ठेवतात त्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात आणू नका. कोणी सामानातून आणल्या तर हातही लावू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो, माणूस मारतो, आणि त्यावर उतारा नाही. वास येईल तेव्हा बघू, असं मनात आणू नका. आपण कायम असंच करत आलो, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. इथली घरं थंडीसाठी चहूबाजूंनी बंद असतात, लहान मुलं त्याच हवेत झोपतात.

शेतकऱ्याकडून स्वस्त गहू मिळाला तर तो खाण्याचा आहे ना, हे विचारून घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. गुलाबी, लाल किंवा निळसर रंग दिसला तर सोडून द्या.

भरायला खाद्यपदार्थांसाठीच्या बादल्या, आत जाड अॅल्युमिनियमची पिशवी आणि ऑक्सिजन शोषक पुड्या. पुड्यांचं पाकीट उघडलं की भराभर हात चालवा, त्या लगेच हवा ओढायला लागतात. २० लिटरच्या बादलीत साधारण १५ किलो गहू मावतो. त्याहून मोठं पिंप नको. भाड्याची घरं बदलताना ते उचलणार कोण? बादल्या थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. गॅरेजमध्ये तर नकोच, तिथे उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसावे लागतात.

पांढरा तांदूळ आणि अख्खा गहू गार जागी अशा रीतीने दशकभर सहज टिकतो. ब्राउन राईस आणि कणीक मात्र भरू नका. त्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. डाळी टिकतात, पण जुन्या झाल्या की शिजायला फार वेळ घेतात. इथले लोक प्रत्येक डब्यावर तारीख लिहितात, ती सवय त्यांच्याकडून जरूर घ्या.

आणि अख्खा गहू भरणार असाल तर दळणाचं काय, ते आधी ठरवा. घरघंटी मायदेशातून आणण्याआधी इथल्या विजेचा दाब तपासा.